बिनजामिनाची उधारी

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर मेसेज आला. नंबर अनोळखी. वर माझ्या भाच्याचा फोटो आणि खाली मोडक्यातोडक्या हिंदीत मजकूर: हा इसम चोर आहे, कंपनीचे पैसे घेऊन पळाला आहे, त्याने तुमचं नाव दिलं आहे, उद्या बाराच्या आत भरले नाहीत तर सगळ्या नातेवाइकांना कळवू.

आधी वाटलं, नेहमीची फसवाफसवी असेल. भाच्याला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्याने उचलला आणि म्हणाला, "आत्या, तुला पण आला?" पुढे नुसता रडण्याचा आवाज.

त्या 'पण'मध्ये किती जण होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिसातला टीम लीडर, शाळेतले गणिताचे सर, गावातला किराणावाला, आणि कॉलेजातली एक मैत्रीण, जिच्याशी दोन वर्षांत बोलणंही नव्हतं. आईवडिलांना तेवढा अजून गेला नव्हता. "दादांना सांगू नको," एवढंच तो वडिलांविषयी पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाच हजारांचं कर्ज होतं. हातात आले होते बत्तीसशे. बाकीचे अठराशे 'प्रोसेसिंग'चे म्हणून आधीच कापलेले. मुदत सात दिवसांची. बत्तीसशेवर आठवड्याला अठराशे म्हणजे सात दिवसांत छप्पन्न टक्के.

हे सगळं मी त्याच्या परवानगीने लिहिते आहे. नाव नको म्हणाला, बाकी लिही म्हणाला.

भाचा चोवीस वर्षांचा. बी. कॉम. झालेला, खराडीत एका कंपनीत ग्राहकांचे फोन घेण्याच्या कामावर. हातात २६ हजार पडतात. माझा भाऊ बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला शेती करतो. जिराईत जमीन, चार गायी, डेअरीला दूध. त्या घरात गेल्या तीस वर्षांत सोसायटीचं पीककर्ज सोडलं तर कुणी कर्ज काढलेलं नाही, आणि तेही दर वर्षी मार्चअखेर फिटलेलं.

रविवारी त्याच्या खोलीवर गेले. चंदननगरला तिघं मिळून राहतात. एक खिडकी, तीन कॉट, भिंतीला दोरी. त्याच्या कॉटखाली पुठ्ठ्याचे खोके होते, ओळीने लावलेले, भिंतीपर्यंत. मी एक ओढला. चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती.

"हे काय?"

"कॉफी मशीन."

त्या खोलीत गॅस नाही. दुधाचं पातेलं नाही. तिघंही सकाळचा चहा खाली टपरीवर पितात. दुसऱ्या खोक्यात पांढरे बूट, तिसऱ्यात तसेच पांढरे बूट, फक्त तळवा वेगळा. एक जाडजूड जॅकेट, किमतीची चिठ्ठी लोंबत असलेलं. दाढीचं मशीन, दोन घड्याळं, कानात घालायचे तीन इअरबड. मी रागावण्याच्या तयारीने गेले होते. पण तो खोके परत आत सरकवत खाली मान घालून जे बोलला, त्यानंतर राग टिकला नाही. "आत्या, ऑर्डर टाकली ना की दोन दिवस बरं वाटतं. कुठपर्यंत आलंय ते बघत बसतो. बॉक्स हातात आला की संपतं. उघडावंसंच वाटत नाही."

त्याला दिवसभर फोनवर लोक शिव्या घालतात. तेच त्याचं काम आहे. रात्री बाराला पाळी सुटली की खोलीवर येऊन झोप लागेपर्यंत तो फोनवर वस्तू बघतो. फोनही त्याला बघत असतो. 'फक्त दोन शिल्लक', 'सत्तावीस मिनिटांत ऑफर संपेल', 'तुमच्या कार्टमध्ये काहीतरी राहिलंय'. या खोट्या घाईला कायद्याने नाव दिलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स'विषयी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात असे तेरा प्रकार दिले आहेत आणि खोटी निकड दाखवणं हा त्यांतलाच एक. कागदावर ते निषिद्ध आहे. रात्री बाराला चंदननगरच्या खोलीत मात्र तो काटा चालूच असतो.

खरेदीच्या या अनावर ओढीला वैद्यकशास्त्राने फार पूर्वी ओळखलं होतं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिला 'ओनिओमेनिया' म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये तिचा उल्लेख आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या प्रमाणग्रंथात मात्र अजून तिला स्वतंत्र निदान म्हणून जागा नाही. मला नावाच्या वादात पडायचं नाही. हौसेने खरेदी करणारा माणूस आणलेली वस्तू वापरतो, मिरवतो, शेजाऱ्याला दाखवतो. इथे वस्तू कॉटखाली जाते. हा फरक घरातल्या माणसाला डॉक्टरच्या आधी दिसू शकतो, फक्त कॉटखाली बघायला हवं.

त्या दुपारी आम्ही दोनशे पानी वही घेतली आणि सगळं लिहून काढलं. त्याला स्वतःलाच बेरीज माहीत नव्हती. एक क्रेडिट कार्ड ५८ हजार. दुसरं ४१ हजार. फोनच्या हप्त्यांचे राहिलेले २७ हजार. एका ॲपवरून घेतलेलं पर्सनल लोन, बाकी ६२ हजार. 'आत्ता घ्या, नंतर भरा'चे ११ हजार ४००. आणि ते धमकीवाले पाच हजार. एकूण २ लाख ४ हजार ४००.

मग महिन्याचा हिशेब. फोनचा हप्ता ४,५००, लोनचा ६,९००, दोन्ही कार्डांचं 'मिनिमम' मिळून ४,९५०, 'नंतर भरा'चे ३,८००. झाले २० हजार १५०. खोलीभाडं आणि मेस साडेदहा हजार. म्हणजे २६ हजार पगारात ३० हजार ६५० चा खर्च, तोही अंगावर नवा सदरा न घालता. दर महिन्याला साडेचार हजारांहून मोठा खड्डा, आणि तो भरायला दर महिन्याला एक नवं ॲप. याची टोपी त्याच्या डोक्यावर.

"पण मी मिनिमम कधी चुकवलं नाही," तो म्हणाला. हे त्याने अभिमानाने सांगितलं. त्या वाक्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. कार्डावर ५० हजार थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर पहिल्या महिन्याचं व्याज होतं १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. झाले २,०६५. पाच टक्क्यांच्या हिशेबाने मिनिमम भरायचे २,५००. म्हणजे मुद्दल कमी झालं ४३५ रुपयांनी. अडीच हजार देऊन ४३५! असं केल्याने फेड वर्षानुवर्षं लांबते, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. ती असते, बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी. 'मिनिमम'चा आकडा ठळक असतो.

'नो कॉस्ट' हप्त्याचंही तसंच. ६० हजारांचा फोन, पाच हजारांचे बारा हप्ते, वरवर बघता एक पैसा जादा नाही. आतून हिशेब असा: दर १५ टक्के धरला तर या हप्त्यांमागचं मूळ कर्ज साधारण ५५ हजार ४०० चं असतं, म्हणजे रोखीत घेतला असता तर तेवढी सूट मिळू शकली असती; उरलेले साडेचार हजारांहून जास्त हे व्याज, आणि त्या व्याजावर जीएसटी वेगळा, आठशेच्या वर. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज नावाची गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. 'झिरो'ची पाटी गेली, 'नो कॉस्ट'ची लागली.

मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका मोबाइलच्या दुकानात जाऊन उभी राहिले. कर्जाच्या टेबलावरचा मुलगा भाच्याच्याच वयाचा. आधार, पॅन, एक फोटो, ओटीपी; समोरच्या ग्राहकाचं काम नऊ मिनिटांत झालं. मी विचारलं, याचा पगार किती ते विचारलं का? "मॅडम, सिस्टीम लिमिट दाखवते. आम्ही नाही विचारत." तो उद्धटपणे बोलला नाही, खरं तेच सांगितलं. आणि मला त्याच क्षणी समजलं की मी काय शोधत होते.

आमच्या लहानपणी गावात उधारी नव्हती असं नाही. उधारीवरच गाव चाले. पण तिला माणसं होती. किराणावाल्याकडे लांबट लाल वही असे, आणि बाकी वाढली की तो सामान बांधता बांधता म्हणे, "मागचं जरा बघा आता." सोसायटीचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागत, आणि जामीनदार होणारा माणूस आधी घरी येऊन चहा पीत पीत विचारे, कशाला पाहिजेत, फेडशील कसे. हे प्रश्न अपमानाचे वाटत. वडील कितीदा चिडलेले मला आठवतात. पण तेवढ्या प्रश्नांमध्ये अर्धी कर्जं मिटून जात, कारण माणूस स्वतःच म्हणे, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. आता दुकान, सावकार आणि तिजोरी एकाच बटणात आली आहेत. मधली माणसं काढून टाकली. कुणाला विचारावं लागत नाही हीच त्याची जाहिरात आहे, आणि पोरं बुडतात तीही तिथेच.

जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. सुप्याजवळ वाढलेल्या माणसाला तसं म्हणताच येणार नाही. १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्याच बाजारपेठेत, रयतेने सावकारांची दुकानं-घरं फोडली, खतं आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. इतिहासाच्या पुस्तकात तो 'दख्खनचा उठाव' म्हणून आहे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं वाचली की आजचं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, इथल्या कापसाला भाव आला आणि सावकार मागतील तेवढं कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडले, पुढे सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडला. तेव्हा १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे कर्जरोखा तीन वर्षंच टिकायचा. तो कायदा कर्जदाराच्या सोयीसाठी होता. सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुदलात मिळवून नवं खत करून घेत, आणि रयत न वाचता अंगठा देई. भाच्याने 'आय ॲग्री'वर दिलेला अंगठा याहून वेगळा नाही. त्याच्या लोनचे नियम आम्ही त्या दिवशी फोनवर उघडले. वाचायला मला पाऊण तास लागला. त्याने ते एका सेकंदात मान्य केले होते.

त्या उठावानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. आपल्याकडे त्याहून जुना एक दंडक होता, दामदुपट. एका वेळी मुदलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, असा साधा नियम. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही तो आहे. पण बँका त्या कायद्याबाहेर आहेत, आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने क्रेडिट कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकालही रद्द केला. न्यायालयाने कायदा पाहिला. तो तसा असेल. परिणाम एवढाच, की गावातल्या परवानाधारक सावकाराला जे बंधन आहे ते पोराच्या खिशातल्या कार्डाला नाही.

रिझर्व्ह बँक हातावर हात ठेवून बसली आहे असं मात्र म्हणता येणार नाही. २०२१ च्या सुरुवातीला तिने डिजिटल कर्जांसाठी कार्यगट नेमला. त्याला भारतातल्या ॲप स्टोअर्सवर कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप्स सापडली, आणि त्यांतली ६०० बेकायदा निघाली. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर अशा ॲप्सविरुद्ध आलेल्या तक्रारींमध्ये महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आले: पैसे थेट कर्जदाराच्या खात्यातच जायला हवेत, सगळे आकार धरून वर्षाचा दर एका पत्रकात आधी सांगायला हवा, फोनमधले संपर्क आणि फोटो ॲपने बघायचे नाहीत, आणि दंड न लागता कर्ज परत करायला थोडी मुदत द्यायला हवी. दराच्या या पत्रकावरूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्ससारख्या मोठ्या कंपनीला दोन प्रकारची नवी कर्जं देणं थांबवायला लावलं होतं. मे २०२४ मध्ये बंदी उठली. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत हाही नियम आहे. मला मेसेज आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि माझा नंबर त्यांना भाच्याच्या फोनबुकातून मिळाला होता.

डिसेंबर २०२४ च्या वित्तीय स्थैर्य अहवालात रिझर्व्ह बँकेनेच नोंदवलं आहे की ५० हजारांखालची वैयक्तिक कर्जं घेणाऱ्यांपैकी ११ टक्के लोकांचं आधीचं असं कर्ज थकलेलं होतं, आणि ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी त्याच आर्थिक वर्षात तीनपेक्षा जास्त कर्जं घेतली होती. हे वाचताना मला वहीतलं ते पान दिसत होतं.

धमकीवाल्यांचं काम सोपं निघालं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट दिले, ॲप काढलं, आणि ज्यांना मेसेज गेले होते त्या प्रत्येकाला भाच्याने स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. गणिताचे सर म्हणाले, "मला कळलंच होतं, तू ये एकदा." तीन दिवसांत मेसेज थांबले. लपवायचं काही उरलं नाही, मग धमकी कशाची देणार?

अवघड होतं ते दादांना सांगणं. आम्ही दोघं सुप्याला गेलो. गोठ्यात धार काढणं चाललं होतं. भाच्याने वही पुढे केली. दादाने हात पुसले, पान वाचलं, पुन्हा वरून वाचलं, आणि विचारलं, "जेवायला पैसे उरत होते का रे?" त्याला ओरडा अपेक्षित होता. तो तिथेच खाली बसला.

वहिनीने भिशीचे ४० हजार काढले. त्यातून फोनचे हप्ते आणि 'नंतर भरा' एकदम मिटले. तालुक्याच्या पतसंस्थेतून एक लाख घेतले, १४ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी, हप्ता ४,८०१. त्यात दोन्ही कार्डं भरली आणि बंद केली. कार्डवाल्यांचा एक माणूस 'सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवतो' म्हणत होता. आम्ही नाही म्हटलं, कारण तसा शेरा सिबिलवर राहतो आणि उद्या याला घरासाठी कर्ज लागेल. ॲपचं लोन चालू ठेवलं. न उघडलेले खोके परत जायच्या मुदतीत नव्हते, ते त्याने मिळेल त्या भावात विकले. कॉफी मशीन निम्म्या किमतीला गेलं.

पैशांचं जुळलं म्हणून ओढ गेली असं नाही. दिवाळीच्या सेलच्या आठवड्यात त्याचा रात्री दोनला फोन आला, "आत्या, कार्टमध्ये टाकलंय." आम्ही अर्धा तास दुसरंच काही बोललो. दुसऱ्या दिवशी मी त्याला १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर दिला. सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. तिथून त्याला पुढे समुपदेशकाकडे पाठवलं. तो जातो. एकदा म्हणाला, "तिथं त्या बाई बूट किती घेतले ते विचारत नाहीत, त्या दिवशी ऑफिसात काय झालं होतं ते विचारतात."

तुमच्या घरातलं पोर दिवाळीला पुण्या-मुंबईहून येईल. नवा फोन, नवे बूट बघून कौतुक करा, पण संध्याकाळी फराळाचं ताट पुढे ठेवून एकदा विचारा, हप्ते किती चालू आहेत तुझे? सगळ्यांसमोर नको, एकट्याला गाठून. उत्तर आलं नाही तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. कर्ज कुठल्या ॲपचं आहे ते कळलं तर ते नोंदलेल्या संस्थेचं आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून असलेल्या यादीत बघता येतं.

पतसंस्थेच्या त्या कर्जाला दोन जामीनदार लागले. एक त्याचे गणिताचे सर आणि दुसरी मी. सही करायच्या आधी सरांनी त्याला विचारलं, फेडशील कसा? त्याने वही काढून दाखवली. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता जातो. अजून नऊ राहिले आहेत.